मामांच्या खुर्चीपुढे पाणी

कोबिना एसिल्फी याचा सरकारी कागदावरचा हुद्दा 'वॉर्ड सफाई कामगार, श्रेणी दोन' असा आहे. श्रेणी एकमध्ये जायला काय करावं लागतं हे एकवीस वर्षांत त्याने विचारलं नाही आणि त्याला कोणी सांगितलंही नाही. त्याच कागदावर 'इतर कौशल्ये' अशी एक ओळ आहे. १९८३ साली कुणा कारकुनाने तिच्यापुढे आडवी रेघ ओढून ठेवली. त्या रेघेखाली निदान साठ बायका गाडलेल्या आहेत: विधवा, सवती, सावत्र आया, नवऱ्याने टाकलेल्या, आणि शेवटच्या प्रवेशात मुलाला माफ करून मरणाऱ्या असंख्य म्हाताऱ्या.

या सगळ्या बायका कोबिनानेच वठवल्या होत्या. गोल्डन नेट ट्रायो या नाटक कंपनीत तो बावीस वर्षं स्त्रीपार्टी होता. नाव ट्रायो, माणसं चौदा. पण त्या काळी आमच्या किनाऱ्यावर झाडून सगळ्या कंपन्या ट्रायोच असत, आणि उगाच खरी संख्या सांगून कोण वेगळं पडणार? लॉरीच्या दोन्ही बाजूंना नाटकातले प्रसंग रंगवलेले. गावात शिरताना टपावर बसून गाणं वाजवायचं, आणि लॉरी अशी लावायची की बाजाराला जाणाऱ्या प्रत्येक बाईला वळसा घालून जावं लागेल. पडदा वर गेला की आंटी अजोआ यायची. म्हणजे कोबिना, डोक्याला फडकं बांधून, छातीत दोन नारळाच्या करवंट्या घालून.

आंटी अजोआ उपाशी मरायला लागली की पहिल्या रांगेतल्या बाया उठत आणि स्टेजवर चढून तिच्या हातात पाव, तळलेले मासे, केळीच्या पानात बांधलेला केंकेचा, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा, गोळा ठेवून जात. नाटक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण समोर बाई उपाशी असताना त्या मुद्द्याचा काथ्याकूट करण्यात त्यांना रस नव्हता. स्टेजवर उपाशी मरताना कोबिनाने जेवढं खाल्लं तेवढं पुढे घरी कधी खाल्लं नाही.

मग कर्फ्यू आला, पेट्रोल गेलं, पाऊस गेला, आणि साल्टपाँडच्या अलीकडे एका वळणावर लॉरी जी थांबली ती आजतागायत तिथेच आहे. तिच्यात आता एकजण केशकर्तनालय चालवतो. चौदा माणसं चौदा दिशांना गेली. कोबिना टेकडीवरच्या मनोरुग्णालयात लागला. आपण पूर्वी काय करत होतो हे त्याने तिथे कोणाला सांगितलं नाही. बाईचे कपडे घालून रडण्यात हयात घालवलेला माणूस मनोरुग्णालयात दाखल होतो, तेव्हा तो पगारी आहे की पेशंट, याबद्दल गैरसमज होऊ शकतो.

सोळा वर्षं त्याने फक्त फरशी पुसली. फरशीही चांगली पुसायचा.

१९९९ साली डॉक्टर फिलोमेना घार्टे आल्या. बाई इथल्याच, आमच्या फांटी लोकांतल्याच, पण शाळा अक्राच्या बोर्डिंगात आणि पुढचं शिक्षण विलायतेत झालेलं. तिथून त्या सायकोड्रामा शिकून आल्या होत्या. सायकोड्रामा म्हणजे मनाला जे लागलंय ते नुसतं सांगायचं नाही, उभं राहून करून दाखवायचं. जो माणूस समोर नाही त्याच्यासाठी रिकामी खुर्ची ठेवायची, तिच्याशी बोलायचं. मग जागा बदलून आपणच तो माणूस व्हायचं आणि त्याच्या बाजूने उत्तर द्यायचं. रुग्ण पूर्वी जिथे चटया विणत ती शेड त्यांनी मागून घेतली. वार ठरवला मंगळवार. मंगळवारी समुद्रात होडी घालायची नसते, त्यामुळे नातेवाईक येऊ शकतील, असा डॉक्टरांचा हिशोब होता. नातेवाईक येत नव्हतेच, पण त्यांना सबब उरू नये.

पहिल्याच मंगळवारी खुर्चीपुढे एफुआला बसवलं. एफुआ अनोमाबूच्या पलीकडच्या कोळ्यांच्या गावातली, मासे धुरावर सुकवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. १९९५ साली बाळंतपणानंतर तिचं डोकं फिरलं. एका मयताच्या बैठकीत, तीन गावांदेखत, कुळाचे प्रमुख पितरांना दारू वाहत असताना तिने त्यांच्या हातातली बाटली उडवली आणि त्यांच्या थोबाडीत मारली. प्रमुख म्हणजे तिचे सख्खे मामा. आमच्याकडे मूल आईच्या कुळाचं. बाप माया करतो, पण घर, होडी आणि शब्द मामाचा. मामांनी त्याच दिवशी तिला बांधून टेकडीवर आणलं आणि गेले. एफुआ वर्षभरात बरी झाली, मधे एकदा घसरली, पुन्हा बरी झाली. तिला नेण्यासाठी पत्रं गेली. उत्तर आलं नाही. ती स्वयंपाकघरात काम करायची आणि तिला कोणी पेशंट म्हणायचं नाही. घरी जा असंही कोणी म्हणायचं नाही.

"एफुआ, या खुर्चीत तुझे मामा बसलेत," डॉक्टर म्हणाल्या. "तुला त्यांना काय सांगायचंय ते सांग."

एफुआ खुर्चीकडे बघत बसली. पंधरा मिनिटं झाली. डॉक्टरांनी वहीत 'प्रतिकार' असा शब्द लिहिला. कोबिना व्हरांडा पुसत होता. तोच तो तुकडा त्याने चौथ्यांदा पुसला आणि मग त्याला राहवेना.

"केव्हापासून बसलेत ते!"

"कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"मामा. घरी आलेल्या माणसाला पाणी नाही, 'कसं येणं केलंत' नाही, आणि भाचीने एकदम भांडायलाच सुरुवात करायची? कोण तोंड उघडेल, डॉक्टर? मी मामा असतो तर कधीच उठून गेलो असतो."

"मुद्दा बरोबर आहे," कोपऱ्यातून मास्तर क्वांसा म्हणाले. ते निवृत्त हेडमास्तर होते, निवृत्तीच्या आधीपासून वॉर्डात होते, आणि जो तो जे बोलेल त्याला मार्क देत. "दहापैकी सात."

कोबिनाने फडकं ठेवलं, हात धुतले, एनॅमलच्या मगात पाणी आणलं आणि उजव्या हाताने, किंचित वाकून, रिकाम्या खुर्चीपुढे धरलं. असं धरलं की शेडमधल्या दहाही जणांना मग घेणारा हात दिसला.

"गार नको," एफुआ म्हणाली. "मामांचे दात ठणकतात."

तिचं शेडमधलं ते पहिलं वाक्य. डॉक्टरांनी वहीतला 'प्रतिकार' खोडला. त्या प्रामाणिक होत्या, दोन रेघांनी खोडला.

पुढच्या मंगळवारी त्यांनीच विचारलं, "पा कोबिना, तुम्ही खुर्चीत बसाल का?"

"मामा म्हणून?"

"मामा म्हणून."

"आवाज जाड करू की बारीक?"

डॉक्टरांना तो प्रश्न कळला नाही, पण एफुआला कळला. "घोगरा," ती म्हणाली. "आणि बोलायच्या आधी नाक ओढतात."

पाच वर्षं झाली त्याला. मधल्या काळात कोबिना शेडमध्ये अकरा मामा झाला, चौदा आया, सहा बायका, एक बिशप, लग्न मोडून गेलेली एक नर्स, आणि बुडून मेलेला एक भाऊ. त्या भावासाठी त्याला नुसतं ओलं होऊन बसायचं होतं, एक शब्दही नव्हता. तो स्वतः ती भूमिका सगळ्यात वरची मानतो. ट्रायोत प्रेक्षक दोन हजार असत. इथे दहा, त्यातले दोन भिंतीकडे तोंड करून. पण दोन हजारांपैकी कुणी नाटक संपल्यावर पुन्हा जेवायला लागल्याचं त्याला आठवत नव्हतं.

डॉक्टरांचा एक नियम होता. सोंग संपलं की उठायचं, अंग झटकायचं आणि आपलं खरं नाव सांगायचं. कोबिनाला हे पोरकट वाटे. ट्रायोत पावडर बादलीभर पाण्यात उतरायची आणि तिच्याबरोबर बाईही. मग एकदा तो एका पोरसवदा सुताराची मेलेली आई झाला आणि घाईत नाव सांगायचं विसरला. दुसऱ्या दिवसापासून तो सुतार आपला अर्धा केंके पानात बांधून आणून त्याच्या बादलीशेजारी ठेवू लागला. तीन दिवस. कोबिनाने आयुष्यात स्टेजवर मिळालेलं सगळं खाल्लं होतं, हे त्याला खाता आलं नाही. चौथ्या दिवशी त्याने सुताराला समोर बसवलं आणि सांगितलं, "मी कोबिना एसिल्फी. वॉर्ड चारचा सफाई कामगार. तुझी आई नाही, पण होती फार चांगली." त्यानंतर तो नियम त्याने कधी मोडला नाही.

२००४ च्या मार्चमध्ये, एका मंगळवारी, एफुआचे खरे मामा आले.

नाना आर्कोर्फुल ('नाना' हा आमच्याकडे प्रमुखाचा मान) खांद्यावरून काळं वस्त्र घेऊन, चामड्याच्या चपला घालून, डॉक्टरांच्या खोलीत ताठ बसले. एफुआची आई, म्हणजे त्यांची सख्खी बहीण, वारली होती. तिला शवागारात ठेवलं होतं, पुढच्या महिन्यातला शनिवार ठरला होता. एफुआची मुलगी आजीकडेच वाढलेली, नऊ वर्षांची. ती आता कुणाकडे हे अजून ठरायचं होतं.

"एक कागद पाहिजे," नाना म्हणाले. "एफुआची तब्येत प्रवासाची नाही, असं लिहून द्या. शिक्का मारून."

"तिची तब्येत उत्तम आहे."

"म्हणून तर कागद लागतो. आजारी असती तर लोकांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला असता."

कागद दिला तर एफुआला घराची दारं कायमची लागली, हे डॉक्टरांना कळत होतं. आणि नाही दिला तर नाना शिक्क्याशिवायही तेच सांगणार, हेही. "अर्धा तास आमच्याबरोबर बसा," त्या म्हणाल्या. "त्यानंतरही तुम्हाला कागद हवा असेल, तर देईन."

व्हरांड्यात कोबिना होता. एफुआ स्वयंपाकघरातून धावत आली होती, तिच्या हाताला पीठ तसंच होतं.

"पा कोबिना, खरे आलेत."

"बघितले. घोगरा आवाज जमला होता मला. नाक मात्र जास्त ओढतात."

"मला नाही बोलता येणार. तुमच्याशी बोलत होते ते वेगळं. या बाईंना सांगा ना, खुर्ची ठेवा, मी खुर्चीशी बोलते."

"खुर्ची तुला घरी घेऊन जाणार आहे का?"

तिने पिठाचे हात कमरेच्या कापडाला पुसले. मोठ्या माणसापुढे बैठकीत थेट बोलायचं नसतं. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या थोबाडीत मारणाऱ्या बाईने तर नाहीच. कोबिनाने तिच्याकडे बघितलं, हातातल्या फडक्याच्या दांड्याकडे बघितलं, आणि फडकं सोडवून दांडा मोकळा केला.

"बोलू नकोस. माझ्या कानात सांग. मी तुझा ओचामी."

ओचामी म्हणजे काठी घेऊन उभा राहणारा, दुसऱ्याचं बोलणारा. प्रमुखांच्या बैठकीत त्याची काठी सोन्याने मढवलेली असते. ही फिनाइलने मढवलेली होती. डॉक्टरांच्या विलायती पुस्तकातही एक असाच माणूस आहे. तो रुग्णाच्या मागे उभा राहून त्याच्या पोटातलं बोलतो. त्याला ते इंग्रजीत काहीतरी म्हणतात. डॉक्टर पाच वर्षं तो शिकवत होत्या आणि कोणाला जमत नव्हता, कारण प्रत्येकाला प्रश्न पडे, याच्याकडे काठी का नाही?

नाना शेडमध्ये आले तेव्हा दहा खुर्च्या गोलात होत्या. कोबिनाने पाणी आणलं. कोमट. नानांनी एक घोट घेतला, थांबले, मगाकडे बघितलं आणि सगळं पाणी प्यायले.

"कसं येणं केलंत, नाना?" दांडा टेकवून कोबिनाने विचारलं.

नाना जरा सैल झाले. "म्हणजे इथं माणसं राहतात," ते म्हणाले. मग त्यांनी रीतीप्रमाणे सगळं सांगितलं: रस्ता बरा होता, समुद्र शांत आहे, बहीण गेली, शनिवार ठरला, आणि एक कागद हवा आहे. कागदाचं सांगताना त्यांनी एफुआकडे बघितलं नाही.

एफुआ कोबिनाच्या कानाशी लागली. तिने चार शब्द सांगितले. आणि इथे कोबिनाचं चुकलं.

ओचामीचं कामच असतं बोलणं सजवायचं. त्यात हा स्त्रीपार्टी, बावीस वर्षं माफी मागून मेलेला. समोर काळ्या वस्त्रातला म्हातारा, भोवती गोल, सगळे कान टवकारून. त्याचा आवाज आपोआप वर चढला. "नाना, आपल्या सावलीत वाढलेलं हे रोपटं वादळात वाकलं आणि त्याने सावली देणाऱ्या झाडालाच ओरबाडलं. आज ते आपल्या पायांशी..."

दोन बाया रडायला लागल्या. भिंतीकडे तोंड केलेला एकजण वळला. नानांनी मान डोलावली. आंटी अजोआ एकवीस वर्षांनी परत आली होती आणि जरासुद्धा थकली नव्हती.

कुणीतरी त्याचा सदरा ओढला. एफुआ.

"मी असं नाही म्हटलं."

"तेच म्हटलंस," तो पुटपुटला. "जरा नीट करून सांगतोय."

"नीट करू नका. मी म्हटलं, 'बांधलंत ते ठीक.' तेवढंच सांगा. मग पुढचं."

"अगं, चांगलं चाललंय. डोळ्यांत पाणी आलंय त्यांच्या."

"ते तुमच्यासाठी आलंय," एफुआ म्हणाली.

नाटकवाल्याला यापेक्षा मोठी शाबासकी आणि यापेक्षा मोठी चपराक एका वाक्यात मिळणं कठीण. कोबिनाने दांडा या हातातून त्या हातात घेतला. मास्तर क्वांसांनी बोट वर केलं. डॉक्टरांनी त्यांना खूण केली, मार्क नंतर.

मग कोबिनाने तिच्या तोंडापाशी कान नेला. तिचं सगळं ऐकून घेतलं, आणि आंटी अजोआचा आवाज, नानांचा घोगरा आवाज, स्वतःचा आवाज, सगळे बाजूला ठेवून, फरशीवर ओला पाय घसरेल म्हणून सांगतात त्या सुरात बोलला:

"नाना, एफुआ म्हणते. तुम्ही मला जाळ्याच्या दोरीने बांधलंत, ते ठीक. मी शुद्धीवर नव्हते. हात उचलला, तो माझा होता, चूक माझी. पण अंगावर पिणारं मूल होतं. छाती भरून दुखत होती. वाटेत मी तेवढंच सांगत होते, पोरीला एकदा पाजू द्या. तुम्ही पुढे चालत होतात. टेकडी संपेपर्यंत तुम्ही मागे वळून बघितलं नाही."

कोणी रडलं नाही. रडायला त्यात जागा नव्हती.

नानांनी खांद्यावरचं वस्त्र सारखं केलं. मग नाक ओढलं. "तिला सांग," ते कोबिनाला म्हणाले, एफुआ हातभरावर असताना, "सांग की..." आणि पुढे त्यांना काही सुचेना. प्रमुख झाल्यापासून त्यांचं बोलणं दुसरेच पूर्ण करत आले होते. कोबिनाने या खेपेला केलं नाही.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, "नाना, जागा बदलून बघाल? तुम्ही तिच्या खुर्चीत, ती तुमच्या."

बैठकीत प्रमुखाची खुर्ची भाचीला द्यायची, हे आमच्याकडे कोणी बोलूनही दाखवत नाही. डॉक्टर बोर्डिंगात वाढल्या होत्या, त्यामुळे त्यांना ते किती अशक्य आहे हे नीट माहीत नव्हतं. नानांनी कोबिनाकडे बघितलं. कोबिनाने दांडा दोन्ही खुर्च्यांच्या मधे आडवा धरला, जणू ही वाट फक्त त्याच्या परवानगीने उघडते, आणि मग बाजूला केला. म्हणजे आता जे होईल ते रीतीतलंच. ही रीत त्याने त्या क्षणी तयार केली होती. पण इतक्या गांभीर्याने, की नाना उठले.

ते एफुआच्या खुर्चीत बसले. एफुआ त्यांच्या. ती तोंड फिरवून समोर दाराबाहेर बघत बसली. टेकडीवर पुढे चालणाऱ्या माणसासारखी, पाठमोरी.

नाना त्या पाठीकडे बघत राहिले. आणि त्यांचे दोन्ही हात मांडीवरून उठले आणि मनगटं एकावर एक आली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना ते कळलंही नसावं. मास्तर क्वांसांनी डोळे मिटून घेतले.

"एफुआ," नाना म्हणाले. मधे ओचामी नाही, काही नाही. "मागं बघितलं असतं तर दोरी सोडली असती मी."

एफुआ वळली. तिने त्यांचे हात बघितले, उठली, आणि मनगटावरची नसलेली गाठ सोडवायला लागली. सवयीच्या हाताने, जाळ्याची गाठ सोडवतात तशी, आधी अंगठ्याने सैल करून. बराच वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

नानांनी पुन्हा पाणी मागितलं. प्यायले. तोंड पुसलं. प्रमुखाचा आवाज परत आला.

"कुळातल्या बायका एकाच कापडाचे कपडे शिवणार आहेत," ते डॉक्टरांना म्हणाले. "शिंप्याकडे माप पाठवायचंय. हिचं माप घेऊन ठेवा. आधीपेक्षा वाळली आहे."

"आणि कागद?"

"कसला कागद?" नाना म्हणाले.

सगळे उठायला लागले, तेव्हा कोबिनाने नियमाप्रमाणे अंग झटकलं. "मी कोबिना एसिल्फी," तो म्हणाला. "वॉर्ड चारचा सफाई कामगार."

"खोटं बोलतोस," नाना म्हणाले.

उठलेले पुन्हा खाली बसले.

"मघाशी ते झाडबिड सांगत होतास ना, तेव्हाच म्हटलं, हा आवाज ऐकलाय. सदुसष्ट साल. सिनेमाच्या आवारात. तू आंटी अजोआ. सावत्र मुलं तुला उपाशी मारत होती, आणि माझी आई मधेच उठली आणि स्टेजवर जाऊन तुला पाव देऊन आली. आठ दिवस आमच्याकडे दुसरा विषय नव्हता." ते पहिल्यांदा हसले. "गोड पाव होता. आठवतो का?"

त्या वर्षी किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाने कोबिनाला पाव दिला होता. "आठवतो तर," तो म्हणाला. "वर लोणी होतं." त्या दिवशी शेडमध्ये बोललं गेलेलं एवढंच एक वाक्य खोटं होतं.

"लोणी!" नाना सगळ्यांकडे वळून म्हणाले. "बघा, याला लोणीसुद्धा आठवतंय!"

डॉक्टर घार्टे कोबिनाकडे वळल्या. "पा कोबिना, पाच वर्षांत सांगितलं नाहीत?"

"तुम्ही विचारलं असतंत आवाज जाड की बारीक, तर सांगितलं असतं."

"ते तर तुम्हीच विचारलं होतंत."

"तेव्हाच ओळखायचं ना मग."

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी ऑफिसातून त्याचा कागद मागवला आणि 'इतर कौशल्ये'पुढची आडवी रेघ खोडली. दोन रेघांनी. तिथे काय लिहायचं यावर त्यांनी बराच विचार केला असावा, कारण ओळ लहान होती. शेवटी त्यांनी 'आंटी अजोआ' एवढंच लिहिलं आणि खाली सही केली. पगारात फरक पडला नाही. कोबिनाने त्या कागदाची झेरॉक्स काढून घेतली.

पुढच्या महिन्यात, ठरलेल्या शनिवारी रुग्णालयाची बस निघाली. एफुआ आदल्या मंगळवारीच गेली होती, मामा स्वतः येऊन घेऊन गेले होते. बसमध्ये मयताच्या काळ्या-तांबड्या कपड्यांत डॉक्टर, कोबिना, मास्तर क्वांसा आणि शेडमधले आठजण होते. बसच्या दोन्ही बाजूंना रुग्णालयाचं नाव हातभर अक्षरांत होतं. गावाच्या तोंडाशी ड्रायव्हरने गाडी हळू केली.

"इथं झाडामागे लावू? उगाच लोक बघतील."

"मग झाडामागे कशाला?" कोबिना म्हणाला. "मंडपासमोर लाव. आडवी. बाजाराला जाणाऱ्या बाईला वळसा पडला पाहिजे."

लोकांनी बघितलं. बस बघितली, नाव वाचलं, आणि त्यातून एकामागून एक उतरणारी अकरा माणसं मोजली. रीतीप्रमाणे उजवीकडून सुरुवात करून त्यांनी बसलेल्या सगळ्यांशी हात मिळवले आणि त्यांच्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या रांगेत बसले. मयताच्या मांडवात तुमची रांग असणं म्हणजे काय, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं.

मग एफुआ आली. कुळातल्या बायकांचंच कापड, तसंच डोक्याला फडकं. हातात ट्रे, ट्रेवर पाण्याचे पेले, आणि मागे तिची मुलगी, एक पेला दोन्ही हातांनी धरून, जिभेचं टोक बाहेर काढून, सांडू नये म्हणून. एफुआने डॉक्टरांना पाणी दिलं, मास्तरांना दिलं. कोबिनाचा पेला मुलीकडे होता.

"कोमट आहे," एफुआ म्हणाली. "तुमचेही दात आता त्याच वयाचे."

पाणी पिऊन झालं. कुळाचा ओचामी, खरी, चांदीच्या मुठीची काठी घेऊन पुढे आला. "पाहुण्यांनो, कसं येणं केलंत?"

बाकीच्या दहा जणांनी कोबिनाकडे बघितलं. तो उठला. समोर तीन गावं बसली होती, त्याला जितकी लागत तितकी. घशात साठ बायका तयार होत्या, एकेकीचं शेवटचं भाषण पाठ होतं. पहिल्या रांगेत नाना आर्कोर्फुल पुढे सरकून बसले होते. आता काय येणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि शेजाऱ्याला त्यांनी ते आधीच सांगून ठेवलं असावं.

"रस्ता बरा होता," कोबिना म्हणाला. "आम्ही एफुआकडे आलोय. आम्ही तिची माणसं."

आणि बसला.

नाना जरा हिरमुसले. मग त्यांनी मान वळवून भाचीकडे बघितलं. ती ट्रे घेऊन पुढच्या रांगेकडे निघाली होती, कारण अजून बरेच पाहुणे पाण्याशिवाय बसले होते.

"नऊ," मास्तर क्वांसा कोबिनाच्या कानात म्हणाले. "शेवटी नाव सांगायचं राहिलं."

"ते सोंग घेतलं तर सांगायचं, मास्तर," कोबिना म्हणाला आणि पेल्यात उरलेलं पाणी प्यायला.